सव्वापट वजन

लिफ्ट नवी असो वा दुरुस्त केलेली, तिच्यात माणूस बसण्याआधी लोखंड बसते. हा नियम मी अठ्ठावीस वर्षे पाळला आणि इतरांकडून पाळून घेतला. लिफ्ट सहा माणसांची असेल, तर साडेसात माणसांच्या वजनाचे लोखंड तिच्यात रचायचे, ती खाली सोडायची, मध्येच ब्रेक लावायचा आणि पाहायचे, धरते की घसरते. धरली तर दाराजवळ क्षमतेची पाटी ठोकायची. घसरली तर दारावर दुसरी पाटी अडकवायची: 'दुरुस्तीचे काम चालू आहे'. तंत्रनिकेतनात आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी होते. आमचे सर म्हणत, "जे तपासलं नाही, ते आहे असं धरून चालू नका." मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, मी मनावर घेतले.

निवृत्तीनंतर मी लेकीकडे राहायला आले, तेव्हा या नियमाची घरात गरज पडेल असे वाटले नव्हते. आम्ही तळमजल्यावर राहतो.

घरात आम्ही चौघे. लेक पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोक तिच्यावर तोंडसुख घेतात आणि ती आवाजाची पट्टीही न बदलता सांगते, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." जावई कवळ्या बनवतात, त्यांचे कामाचे दुकान रस्त्यापलीकडेच आहे आणि त्यांच्या पांढऱ्या प्लास्टरचे ठसे आमच्या सगळ्या दारांच्या मुठींवर आहेत. चौथी माझी नात, दहा वर्षांची. तिला घरात सगळे 'साहेब' म्हणतात, कारण पाय फुटल्यापासून ती दोन्ही हात मागे बांधून घरातल्या प्रत्येक वस्तूची पाहणी करीत हिंडते. ही चाल तिने कोणाची उचलली, याविषयी घरात माझ्याकडे पाहून बोलले जाते.

या चालीवरूनच शाळेत प्रकरण सुरू झाले. वर्गातल्या तिघींनी तिचे नाव 'म्हातारी' ठेवले. ती वर्गात शिरली की तिघी कमरेत वाकून, हात मागे बांधून तिच्या मागून चालत. एका संध्याकाळी जेवताना तिने हे सांगितले.

पुढचे सांगताना मला माझ्याच माणसांची बाजू घ्यावीशी वाटते. पण नोंद म्हणजे नोंद. लेकीने ताटावरून उठून चार फोन केले: वर्गशिक्षिकांना, मुख्याध्यापिकांना आणि त्या तिघींपैकी दोघींच्या आयांना. तिसरीचा नंबर मिळाला नाही, याचे तिला रात्रभर वाईट वाटले. जावई दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या एप्रनसकट शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे डोळे वटारून पाहू लागले. घाईत ते एका गिऱ्हाइकाची कवळी हातात घेऊनच गेले होते. शाळेची घंटा होईपर्यंत ते रागाने मूठ आवळीत आणि सोडीत होते, आणि मुठीत ती कवळी उघडत मिटत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून निम्मा वर्ग साहेबांना पाहून दात वाजवू लागला.

त्यानंतर शाळेत काय झाले, या प्रश्नाला घरात एकच उत्तर येई: "काही नाही." डब्याची झाकणे मात्र हरवू लागली. एक हरवले, दुसरे हरवले. चौथे हरवले, तेव्हा लेक म्हणाली, "डोकं धडावर बसवलेलं आहे हे नशीब, नाहीतर तेही विसरून आली असतीस!" साहेबांनी खाली पाहून मान हलवली. ज्या मुलीला आमच्या घरातल्या प्रत्येक पेचकसाची जागा पाठ आहे, ती चार झाकणे हरवते, हे मला पटले नाही. पण मी विचारले तरी उत्तर तेच: "काही नाही."

शाळेने दर बुधवारी, ज्यांच्या मुलांना इतर मुलांकडून त्रास होतो अशा पालकांसाठी एक बैठक सुरू केली होती. लेकीबरोबर मीही गेले. पहिलीच्या वर्गातल्या इवल्या खुर्च्यांवर मोठमोठी माणसे गुडघे हनुवटीला लावून बसली होती. समुपदेशक बाई शांत होत्या, कोणाला दोष देत नव्हत्या, आणि रडणाऱ्याला घाई करीत नव्हत्या. निघताना त्यांनी प्रत्येकाला नऊ कलमांचा एक कागद दिला. पहिले कलम: 'मूल सांगत असताना शांत राहा, लगेच काही करायला धावू नका.' सातवे: 'काय करावे, हे आधी मुलालाच विचारा.' कागद उत्तम होता. जावयांनी पहिल्या कलमाखाली दोन रेघा ओढून तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला आणि काम झाले अशा चेहऱ्याने हात झटकले.

शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात शिरले, तर साहेब हात मागे बांधून त्या कागदाची पाहणी करीत होते.

"आजी, हे पहिलंच कलम त्यांना जमायचं नाही."

"कशावरून?"

"मी सांगून बघितलं ना एकदा. एवढुसं तर होतं. तरी दोघं घसरले."

"आणि आता आहे ते एवढुसं नाही?"

तिने चुंबक काढला, उलटा केला, परत लावला. मी पुढे विचारले नाही. अडकलेले दार ओढले की आणखी अडकते.

"बरं, मला सांगू नकोस," मी म्हणाले. "नियम काय आहे?"

"आधी लोखंड, मग माणूस."

"मग आपण तुझ्या आईबाबांची तपासणी करू. धरलं, तर तू बसायचं. घसरले, तर नाही बसायचं. तुझ्यावर जबरदस्ती नाही."

साहेबांनी विचार केला. "वजन कुठलं टाकायचं?"

"खोटं. पण खऱ्यापेक्षा सव्वापट जड."

"आणि तू त्यांना सांगायचं नाहीस, की माझं काहीतरी आहे."

"तपासनीस पोटात ठेवतो."

"तपासनीस मी," साहेब म्हणाले. "ज्यानं दुरुस्ती केली त्यानं तपासायचं नसतं. तूच म्हणतेस."

हे मी म्हणते, हे खरे आहे. म्हणून वजन टाकण्याचे काम माझ्याकडे आले आणि नोंदीची वही तिच्याकडे.

रविवारी चहा झाल्यावर लेक आणि जावई पलंगावर शेजारी शेजारी बसले. समोर स्टुलावर मी. खिडकीपाशी साहेब, वही आणि पेन.

"आई, हा खेळ आहे का?" जावयांनी विचारले.

"परीक्षा आहे. कलम एकची."

"आई, मी आठवड्याचे सहा दिवस दुसरं काय करते?" लेक म्हणाली. "लोक शिव्या घालतात, तरी मी ढिम्म असते."

"म्हणूनच सातवा दिवस निवडला."

मी पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले, आवाज बारीक केला आणि सर्वांत हलके वजन टाकले. "आज ना, वर्गात कुणीतरी माझी पेन्सिल मोडली."

"कुणी?" जावई अर्धे उठले. "नाव सांग!"

"बाबा घसरले," साहेबांनी लिहिले. "पेन्सिलीला."

"मी नुसतं विचारलं!"

"उभं राहून विचारलं."

लेक मात्र हलली नाही. तिने मान किंचित तिरकी केली आणि मऊ, सपाट आवाजात म्हणाली, "आपली अडचण आम्हाला समजली. आपण—"

"आई, मी गळका नळ नाहीये," साहेब वहीतून डोके वर न करता म्हणाले. "आई नापास."

मी त्यांना दोन गोष्टी समजावल्या. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला तेवढेच एक भारी वजन लटकत असते. लिफ्ट वर गेली की ते खाली येते. तेव्हा एकजण वर जायला लागला, तर दुसऱ्याने खाली बसवायचे. दोघांनी एकदम वर जायचे नाही. दुसरी गोष्ट जावयांसाठी: त्यांनी सगळे प्रश्न विसरून एकच शब्द वापरायचा. 'मग?'

"एवढंच?"

"एवढंच. आणि तोही बसून."

पुढचा अर्धा तास मी चढत्या क्रमाने वजने रचली. त्यांनी माझे बूट पाण्याच्या टाकीत टाकले. त्यांनी मला दोन गोट्यांच्या बदल्यात शेजारच्या वर्गाला विकले. मुख्याध्यापिकांनी मला नकाशाबरोबर गुंडाळून कपाटात ठेवले आणि सुटी लागेपर्यंत कोणाला भूगोल लागला नाही. बुटांना जावई उठले, पण लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते बसले. गोट्यांना लेक हसली. "हसणं म्हणजेसुद्धा घसरणं," असे साहेबांनी जाहीर केले. नकाशाला दोघांनीही धरले. जावयांच्या जबड्याचे स्नायू हलत होते, दुसऱ्यांचे दात बनवणारा हा माणूस स्वतःचे झिजवीत होता, पण तोंडातून बाहेर आले ते फक्त "मग?"

तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता वजन मी टाकते."

तिने वही मांडीवर घेतली आणि आमच्या तिघांकडे पाहत सांगितले, "आज आमच्या वर्गात मगर आली आणि तिनं एकटीचाच गृहपाठ खाल्ला. माझा."

"मग?"

"मग बाईंनी मगरीला शाबासकी दिली."

"तुला वाईट वाटलं असेल," लेक म्हणाली. यावेळी आवाज कार्यालयातला नव्हता.

"हो ना. गणितं बरोबर होती."

साहेबांनी काहीतरी लिहिले, वही मिटली आणि पुन्हा उघडली. मग खाली पाहतच ती पुढे बोलू लागली.

"मधल्या सुटीत त्या तिघी माझ्या डब्याचं झाकण काढून घेतात आणि सायकलींच्या छपरावर फेकतात. मग डबा उघडा असतो. सगळ्या त्यात बघतात आणि म्हणतात, म्हातारीला दात नाहीत, चावणार कशी. आणि दात वाजवतात."

"मग?" जावई म्हणाले.

"मग मी नळांच्या मागे उभी राहून जेवते. कधी कधी नाही जेवत."

मगर तिने आमच्या डोळ्यांत पाहून सांगितली होती. हे ती वहीत पाहून सांगत होती आणि वही उलटी धरलेली होती. लेकीलाही ते कळले. चार झाकणांचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर मला दिसला. डोके धडावर असण्याचे बोलणेही तिला आठवले असणार. तिचा हात जावयांच्या गुडघ्यावर गेला, पण दाबण्यासाठी नव्हे. या खेपेला तो धरून राहिला. जावयांनी तिच्याकडे पाहिले. मग साहेबांकडे.

"मग?" ते पुन्हा म्हणाले. फार हळू.

"मग घरी येऊन सांगते, झाकण हरवलं."

दोघांनीही धरले. कोणी उठले नाही. लेकीच्या डोळ्यांत पाणी होते, पण ती जागची हलली नाही आणि तिने फोनकडे पाहिलेही नाही. "किती दिवस चाललंय, बाळा?" तिने विचारले. "पाच आठवडे," साहेब म्हणाले. लेक म्हणाली, "आणि मी झाकणांवरून बोलत राहिले. चुकलं माझं." आणखी एक शब्दही तिने जोडला नाही.

माझ्या अठ्ठावीस वर्षांत यापेक्षा सुंदर ब्रेक लागलेला मी पाहिला नव्हता. आता ही नोंद इथेच थांबवता आली असती तर बरे झाले असते.

परंतु त्याच क्षणी दाराशी खडखडाट झाला. तो माझा होता. माझ्या एका पायात माझा बूट होता, दुसऱ्यात जावयांची चप्पल. एका हातात छत्री होती, दुसऱ्यात मोजपट्टी.

"छपराची उंची किती आहे?" मी ओरडत होते. "आणि त्या तिघी राहतात कुठे?"

"आई, आज रविवार आहे. शाळा बंद आहे," लेक म्हणाली.

"फाटक चढता येतं!"

"आई, तू बासष्ट वर्षांची आहेस."

"म्हातारी म्हणायचं असेल तर मला म्हणा म्हणावं! माझ्या तोंडावर म्हणा! चाल माझी आहे!"

जावई उठून आले. त्यांनी माझ्या हातातून छत्री काढून घेतली, मोजपट्टी खिशात टाकली, माझा कोपर धरला आणि अत्यंत आदराने म्हणाले, "मग?"

त्या एका शब्दाने मी दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि हुंदके देऊ लागले. तोंडातून निघाले ते एवढेच, की माझ्यामुळे, माझ्या चालीमुळे. कधीतरी बासष्ट वर्षांच्या बाईलाही पाणी आणून द्यावे लागते. ते साहेबांनी आणून दिले. मग खिडकीपाशी परत जाऊन त्यांनी वही सुलट केली आणि मोठ्याने वाचीत लिहिले, "आई पास. बाबा पास. आजी..." इथे तिने पेन माझ्याकडे रोखले. "आजीची तपासणी कुणी केलीच नव्हती."

सरांचे वाक्य इतक्या वर्षांनी मला माझ्याच घरात शिकवले गेले.

रडे ओसरल्यावर लेकीने सातवे कलम काढले. "आम्ही काय करावं असं तुला वाटतं?"

साहेबांचा विचार झालेलाच होता. "बाबांनी फाटकावर यायचं नाही. एप्रन घालून तर मुळीच नाही."

"कबूल," जावई म्हणाले. "आणि कवळी?"

"कवळी घरी." ती हसली, पाच आठवड्यांनी. "आईनं फक्त वर्गाच्या बाईंशी बोलायचं. एकीशीच. फोनवर नाही, समोर. आणि नवं झाकण आणायचं नाही. माझी चार आहेत, ती खाली काढायची."

"आणि मी?" मी विचारले.

"तू यायचं. पण शिडी धरायला. चढायचं नाही. तू नापास आहेस."

सोमवारी शाळा भरण्याआधी आम्ही वर्गशिक्षिकांना भेटलो. लेकीने सारे सांगितले, अगदी तिच्या कार्यालयात तक्रार नोंदवावी तसे: कधीपासून, कुठे, किती वेळा. बाईंना आधी ते फारसे पटले नाही. "मुलं झाकणं हरवतातच हो," त्या म्हणाल्या. मी त्यांना वाद न घालता सायकलींच्या छपराकडे चलण्याची विनंती केली. शाळेच्या माळ्याने शिडी लावली. मी ती धरली, इतकी घट्ट, की माळी म्हणाला, "आजी, मी पळून नाही जाणार." तो वर चढला आणि एकेक झाकण खाली देऊ लागला. एक, दोन, तीन, चार. लेकीने चारही ओळखली.

माळ्याचा हात पुन्हा खाली आला. पाचवे. सहावे. सातवे. ही पिवळी होती आणि आमची नव्हती.

वर्गशिक्षिकांनी एक पिवळे झाकण हातात घेऊन उलटे केले. आत शाईने नाव घातले होते. शेजारच्या तुकडीत नुकतीच आलेली, दोन वेण्यांची, कोणाशी न बोलणारी एक मुलगी. बाईंनी अंगठ्याने त्या नावावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, ती विसरभोळी आहे."

"आम्हालाही तसंच वाटत होतं," लेक म्हणाली.

त्या दिवसापासून बाई स्वतःचा डबा घेऊन मुलींच्यात बसू लागल्या. त्या तिघींना त्यांनी एकेकटे बसवून विचारले, त्यांच्या घरी कळवले, आणि झाकणे उडायची थांबली. सगळे एका दिवसात सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. तिघींपैकी एक अजूनही अधूनमधून दात वाजवते. पण आता हे मला माहीत आहे, कारण ते आम्हाला जेवताना कळते.

"आज दोनदा वाजले."

"मग?" जावई भाकरी मोडतात तशा शांतपणे विचारतात, त्या शांतपणाची किंमत त्यांच्या दाढांना माहीत.

"मग मी म्हटलं, सैल झालेत वाटतं. माझ्या बाबांकडे ये, नीट बसवून देतील."

यावर हसणे घसरण्यात धरायचे नाही, असा निर्णय साहेबांनी दिला.

पुढच्या बुधवारी बैठकीत पिवळ्या झाकणांच्या मुलीचे आईवडील आमच्या शेजारच्या इवल्या खुर्च्यांवर येऊन बसले. वडील लोकांचे सामान हलवण्याचे काम करतात. लोखंडी कपाट एकटे पाठीवर घेऊन चार मजले चढतात. लेकीने त्यांना रविवारी चहाला बोलावले. साहेबांनी खिडकीजवळ जागा घेतली, नव्या मैत्रिणीला वही धरायला दिली आणि पेन स्वतःकडे ठेवले. त्या गृहस्थांवर मी पेन्सिलीचे वजन टाकले मात्र, ते ताडकन उठले आणि त्यांचे डोके आमच्या दिव्याला लागले.

"घसरले," दोघी एका सुरात म्हणाल्या.

आता आमच्या घरात दोन पाट्या आहेत. दोन्ही साहेबांनी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत केल्या आहेत. लेक-जावयांच्या खोलीच्या दारावर आहे: 'क्षमता: एक मुलगी, दप्तरासह.' माझ्या दारावर आहे: 'दुरुस्तीचे काम चालू आहे.'

ती मी काढलेली नाही. काढण्याचा अधिकार दुरुस्त होणाऱ्याला नसतो. दर रविवारी साहेब हात मागे बांधून येतात, माझ्यासमोर बसतात आणि एकेक वजन टाकतात. पेन्सिल मला आता जमते. बुटांनाही मी बसून राहते. गेल्या रविवारी मी मगरीपर्यंत पोहोचले.